कानाची मशीन मिळाली, पुढे काय?

राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय 65 पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर खात्यावर एकदाच 3,000 रुपये जमा होतात. त्यातून चष्मा, काठी, कमरेचा पट्टा नाहीतर श्रवणयंत्र घ्यायचे. काठीचा आणि चष्म्याचा हिशेब यात बसतो. श्रवणयंत्राचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे कानाची मशीन म्हणतात तिचा, बसत नाही.

मशीन दिवसभर वापरली तर तिचा बारका झिंक-एअर सेल एक-दोन आठवड्यांत संपतो. म्हणजे एका कानाला वर्षाकाठी पंचवीस ते पन्नास सेल. हा सेल घड्याळाचा नव्हे, रिमोटचाही नव्हे. गावातल्या किराणा दुकानात तो सहसा नसतो. मशीनचा आवाज कानात नेणारा साचा सैल झाला की शिट्टी वाजायला लागते. लहान लेकराचा कान वाढत असतो, त्याचा साचा दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. नळीत घाम साचतो, मळ अडकतो. शिवाय बऱ्याच वर्षांनी अचानक सगळे आवाज एकदम कानावर आले की म्हातारा माणूस भांबावतो; भांड्यांचा खणखणाट, गाड्यांचे हॉर्न आणि नातवाचे बोलणे त्याला एकाच जोराने ऐकू येते. ते वेगळे करायला मेंदूला आठवडे लागतात, आवाज दोन-तीनदा जुळवून घ्यावा लागतो. हे करणारे जवळ कोणी नसेल तर मशीन डबीत जाते आणि डबी कपाटात.

औसा तालुक्यात ‘जवळ’ म्हणजे लातूर. औसा शहरापासून लातूर वीसेक किलोमीटर. मातोळा, किल्लारी, उजनीच्या माणसाला त्याआधी औसा गाठायचे. सोबत एक माणूस लागतोच, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याला रुग्णालयात पुकारलेले नाव तरी कसे कळणार? दोघांचा एसटीचा खर्च आणि एकाची बुडालेली मजुरी, एवढी किंमत एका सेलच्या पाकिटासाठी किंवा तुंबलेल्या नळीसाठी मोजावी लागते. ती कोण, किती वेळा मोजणार?

म्हणून शिबिरांविषयी स्पष्ट बोलायला हवे. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान आणि अमेरिकेतील स्टार्की फाउंडेशन यांनी महाराष्ट्रात मोठी शिबिरे घेऊन हजारो लोकांच्या कानांना मशीन बसवल्या. केंद्राच्या एडिप योजनेतून आणि 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेतूनही मशीन मिळतात. या कामाचे मोल कमी नाही. शिबिर झाले नसते तर अनेकांचा कान कधी तपासलाच गेला नसता. पण शिबिर एका दिवसाचे असते आणि ऐकणे रोजचे. जागतिक आरोग्य संघटनेने विकसनशील देशांतील श्रवणयंत्रांसाठी 2004 मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत यंत्राइतकाच भर साचा, सेल, दुरुस्ती आणि पाठपुराव्यावर होता. वीस वर्षांनंतरही आपले वाटप मशीनच्या संख्येतच मोजले जाते. किती मशीन सहा महिन्यांनी कानावर आहेत, हा आकडा कोणी विचारत नाही.

प्रश्नाचा आवाका केवढा? 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 50 लाख लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली. मात्र बहिरेपणा प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आधार धरलेला अंदाज 6 कोटी 30 लाखांचा, म्हणजे शंभरात सहा माणसांचा आहे. त्या हिशेबाने जनगणनेतल्या साडेचोवीस लाख लोकसंख्येच्या लातूर जिल्ह्यात ही संख्या दीड लाखाच्या घरात जाते. दारात आलेल्या प्रगणकाला ‘आमच्या घरी बहिरं कोणी नाही’ असे सांगितले जाते, आणि आतल्या खोलीत आजी टीव्हीचा आवाज वाढवत असते. जगभराचे चित्रही असेच आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार 43 कोटी लोकांना श्रवणसेवेची गरज आहे, त्यातले जवळपास 80 टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ज्यांना श्रवणयंत्राची गरज आहे, अशा शंभरातल्या सतराच जणांपर्यंत ते पोचते.

आणि सगळ्यांना मशीन लागतेच असेही नाही. कोणाच्या कानात नुसता मळ घट्ट बसलेला असतो. कोणाचा कान लहानपणापासून फुटलेला असतो, पू येतो, थांबतो, पुन्हा येतो. त्यात गरम तेल किंवा लसणाचे तेल सोडण्याची जुनी सवय हानी करते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या लेकराचा कान वाहू लागला तर फडावर औषध अर्धवट राहते आणि पडद्याचे भोक मोठे होत जाते. लातूरच्या डाळमिलमधल्या कामगाराचा कान आवाजाने जातो. कायद्यानुसार आवाजाने येणारे बहिरेपण नोंद करण्याजोगा आजार आहे, पण ती नोंद करायला आधी कान तपासावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची रीतही जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढवते, हे नातेवाइकांना राग आला तरी सांगायला हवे.

लेकरांच्या बाबतीत तर वेळ फारच थोडा असतो. पहिल्या महिन्यात कानाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानलेला क्रम आहे. आपल्याकडे मूल दोन-अडीच वर्षांचे झाले तरी ‘वडीलही उशिराच बोलले’ म्हणून वाट पाहिली जाते. पात्र मुलाला एडिपमधून शस्त्रक्रियेने बसवायचे कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते. पण शस्त्रक्रियेनंतर बोलणे शिकवण्याचे प्रशिक्षण दीर्घकाळ चालते, आणि त्यासाठी आईने किती वेळा शहर गाठायचे?

डोळ्यांच्या बाबतीत ही कोंडी फुटली आहे. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने 1992 मध्ये ऑरोलॅब काढून डोळ्यात बसवायची भिंगे स्वस्त केली, ऐपत असलेल्यांच्या पैशातून गरिबांवर उपचार केले, आणि खेड्यातल्या मुलींना शिकवून कामाचा मोठा भार त्यांच्यावर सोपवला. आपल्या जिल्ह्यातही उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयाचे नाव खेड्यापाड्यांत माहीत आहे. मोतीबिंदू एकदा काढला की संपला, कान मात्र वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. म्हणून कानाला तालुक्यातल्या माणसाची गरज अधिक आहे. आफ्रिकेत बोट्सवानातल्या ओत्से गावी ऐकू न येणाऱ्या कामगारांनी सौरऊर्जेवर चार्ज होणारे सेल आणि मशीन बनवून दाखवल्या. औशाला उन्हाची कमी नाही, आणि कर्णबधिर शाळांतून बाहेर पडणाऱ्या, हाताला काम शोधणाऱ्या मुलांचीही नाही.

लागणारी माणसे बरीचशी आपल्याकडे आहेत. आयुष्मान भारतखाली उपकेंद्रांनी द्यायच्या बारा सेवांत कान-नाक-घशाच्या साध्या तक्रारी आहेत. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती कान पाहायचे साधे यंत्र आणि थोडे प्रशिक्षण दिले तर मळ आणि वाहता कान तिथेच ओळखता येतो. आशाताई घरोघर जातेच. श्रवण आणि वाचा विषयातली एक वर्षाची पदविका केलेला स्थानिक तरुण औशात बसला तर साचा, सेल, सफाई आणि पहिली तपासणी होईल. राष्ट्रीय निकषांत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर कान-नाक-घसा तज्ज्ञाचे पद धरलेले नाही; म्हणून लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतून महिन्यातून एक ठरलेला दिवस तज्ज्ञ औशाला आले पाहिजेत, तोही आठवडी बाजाराचा दिवस असावा. ज्यांना परवडते त्यांच्याकडून सेल-साच्याचे वाजवी पैसे घ्यावेत, ज्येष्ठांना आणि लेकरांना ते फुकट मिळावेत. देणगीदारांनी शंभर नव्या मशीन देण्याऐवजी पन्नास द्याव्यात आणि उरलेल्या रकमेत त्यांचा तीन वर्षांचा सांभाळ करावा.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. औशाच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्याला एक दिवस कानाची ओपीडी आणि सेल-दुरुस्तीची खिडकी सुरू करावी, असा ठराव घ्या आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवा. आणि घरात डबीत पडलेली मशीन असेल, तर ती ग्रामसभेच्या दिवशी सोबत घेऊन या.