अपेंडिक्सच्या टोकाशी दडलेली गाठ

बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे ओटीपोटात स्थिरावणारे दुखणे, ओकाऱ्या, ताप आणि रक्तात वाढलेल्या पांढऱ्या पेशी एवढे जमले की सर्जनचा पहिला संशय अपेंडिक्सवर जातो आणि बहुधा तो खराच ठरतो. क्वचित मात्र तिथे गाठ निघते. हुबळीत १९५७ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘किम्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या, रुग्णालयात धारवाड-हावेरीपासून हल्याळपर्यंतचे रुग्ण येतात. अशा ठिकाणी निदान आणखी अवघड होते, कारण इथे आढळणारा लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरचा क्षयही याच जागी दुखतो आणि गोळ्यासारखा हाताला लागतो.

अपेंडिक्सच्या तोंडाशी खडा अडकला काय किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने ते तोंड बुजले काय, पुढचे सारे सारखेच. आत स्राव साचतो, दाब वाढतो, जंतू माजतात. म्हणूनच चाळिशीनंतर पहिल्यांदा अपेंडिक्स सुजले, तर कर्करोगाची शक्यताही तपासावी लागते.

अपेंडिक्सची कार्सिनॉइड गाठ बहुतेकदा टोकाशी, एक सेंटिमीटरहून लहान असते. ती वाट अडवत नाही, सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. काढलेल्या दर काही शे अपेंडिक्समागे एखाद्यात ती सापडते, तीही पॅथॉलॉजिस्टला. फॉर्मलीनमध्ये ठेवलेले टोक तो उभे चिरतो, तेव्हा पिवळसर ठिपका दिसतो.

या गाठींना १९०७ साली नाव दिले म्युनिकच्या सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर या पॅथॉलॉजिस्टने. त्या निरुपद्रवी आहेत, असे त्याचे तेव्हा मत होते. पण तो स्लाइड तपासत राहिला आणि १९२९ साली त्याने स्वतःच जाहीर केले की त्या पसरूही शकतात. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष असा मागे घेणे विज्ञानातही दुर्मीळच. ज्यू असल्याने १९३३ साली नाझी राजवटीत त्याचे पद गेले. इस्तंबूल विद्यापीठात त्याने पुन्हा अध्यापन उभे केले आणि १९४४ साली तिथेच त्याचे निधन झाले. शस्त्रक्रियेच्या इतिहासात सर्जनांची नावे झळकतात. ओबर्नडॉर्फरला त्याचे श्रेय फार थोडे मिळाले.

गाठ एक सेंटिमीटरहून लहान असेल आणि पूर्ण निघाली असेल, तर सहसा पुढे काही करावे लागत नाही. दोन सेंटिमीटरहून मोठी असली, तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढतात. मधल्या आकारात ती किती खोल शिरली आहे, यावर निर्णय ठरतो.

अपेंडिक्सचा दुसरा विकार, म्युकोसील, मात्र ऑपरेशन टेबलावरच ओळखावा लागतो. जेलीसारख्या स्रावाने तट्ट फुगलेले ते अपेंडिक्स चिमट्याखाली फुटले, तर त्यातल्या पेशी पोटभर सांडून जागोजागी रुजू शकतात. म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ते न दाबता पिशवीत घालूनच बाहेर काढतात.