साडीचं भूत

जानेवारीतली सकाळ. सुरतेच्या नवागाममधल्या एका गल्लीत मावशी धागा कटिंगला बसल्या होत्या. एम्ब्रॉयडरी होऊन आलेल्या पॉलिएस्टर साडीच्या उलट बाजूचे लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, पुढचा पीस ओढायचा. मजुरी पिसावर. उधना–जळगाव रेल्वेमार्गाने इथे येऊन वसलेल्या असंख्य खानदेशी घरांपैकी हे एक घर.

कापून झालेली साडी मांडीवरून उचलली, तर ती सुटेचना. मावशींनी ओढली तशी तडतड झाली आणि माझ्या हातावरचे केस उभे राहिले.

‘‘हिवाळामा साडीले भूत लागस,’’ मावशी म्हणाल्या.

विद्युतक्षेत्रात प्रभार हलवताना होणारं कार्य मी बारावीत एक ठिपका आणि एक बाण एवढ्यावरच शिकलो होतो. इथे ते कार्य करणारा हात समोर दिसत होता. घासताना पॉलिएस्टर इलेक्ट्रॉन घेतं आणि ऋण होतं. अंगावर तेवढाच धन प्रभार उरतो. साडी अंगाला चिकटून आहे तोवर दोन्हींची जवळपास फिटंफाट. दूर न्यायला लागलं की त्या ओढीविरुद्ध हात राबतो. प्रभार वाढत नाही, पण व्होल्टेज चढत जातं. एक कुलोम प्रभार एक व्होल्टने चढवायला एक ज्यूल, असा हा हिशेब. साडी सरळ उचलली की वळसा देऊन, त्याने यात फरक पडत नाही.

माणसाच्या अंगाची धारकता साधारण 100 पिकोफॅरड. त्यावर 10,000 व्होल्ट चढले, तरी प्रभार अवघा एक मायक्रोकुलोम आणि साठलेली ऊर्जा पाच मिलिज्यूल. म्हणजे पाच ग्रॅम वजन दहा सेंटीमीटर उचलण्याइतकी. चटका बसतो, जीव जात नाही. एवढं व्होल्टेज हवेत सुमारे तीन मिलिमीटरची ठिणगी पाडतं.

पावसाळ्यात हे भूत फिरकत नाही. दमट हवेत कापडावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार निसटून जातो. म्हणून मावशी हिवाळ्यात फरशी मुद्दाम ओल्या फडक्याने पुसून घेतात.

आणि उठताना खिडकीच्या गजाला हात लावत नाहीत. आधी मुठीतल्या छोट्या कातरीचं टोक टेकवतात. टच्च. ठिणगी लोखंडालोखंडात पडते, बोटाला कळतही नाही. मग त्या पुढचा गठ्ठा सोडतात.