प्रयोगशाळेत बांधलेलं आकाश

लढाऊ विमान वळताना एका अंगावर कलतं आणि कधीकधी त्याचाच पंख अँटेना आणि जमिनीवरचं केंद्र यांच्या आड येतो. संदेश तुटतो. रेडिओ ठणठणीत असतो, शत्रूनेही काही केलेलं नसतं. असे क्षण पकडायला दरवेळी विमानं उडवणं परवडत नाही. म्हणून रेडिओच्या जाळ्याची संगणकावर नक्कल करणाऱ्या ‘इमेन’सारख्या प्रणाली. अमेरिकी नौदलाच्या वॉशिंग्टनमधल्या संशोधन प्रयोगशाळेशी जोडलेली ही प्रणाली खुली आहे, कोणीही उतरवून घ्यावी. लष्कराच्या वाऱ्यालाही उभं न राहणाऱ्यांनीसुद्धा!

इथे प्रत्येक विमान, प्रत्येक केंद्र म्हणजे लिनक्सवरचा एक वेगळा कप्पा. आत चालणारं सॉफ्टवेअर अस्सल असतं, हवा तेवढी नकली. पाठवलेल्या पॅकेटसोबत त्याची वारंवारता, शक्ती आणि वेळ जाते. ऐकणारा कप्पा अंतरामुळे झालेली घट, अँटेनाची दिशा आणि इतरांचा गोंगाट हिशेबात धरतो, मग पॅकेट मिळण्याची शक्यता काढतो. त्यानुसार ते स्वीकारायचं की टाकायचं, हे जवळपास चिठ्ठी टाकूनच ठरतं.

पण चाचणीत मोजायचं काय? ‘नाटो’ देशांच्या लिंक-१६ या जाळ्यात सेकंदाचे १२८ भाग पाडलेले असतात आणि आपली पाळी आली की बोलायचं. १२ सेकंदांच्या फेरीत अशा १,५३६ पाळ्या. एखाद्या विमानाला फेरीत एकदाच स्थान कळवायची पाळी मिळाली, तर पडद्यावरचा त्याचा ठिपका १२ सेकंद शिळा असू शकतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाने तेवढ्यात विमान ३ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. अहवालात मात्र ‘सर्व संदेश पोचले’. माझ्या मते पोचलेल्या संदेशांची टक्केवारी हा या चाचण्यांमधला सगळ्यात फसवा आकडा; संदेशाचं वय विचारावं.

इमेनची अडचण अशी की ती खऱ्या घड्याळावर चालते. एनएस-३सारख्या सिम्युलेटरमध्ये काळ कृत्रिम असतो. संगणक दमला तर उत्तर उशिरा येतं, पण बदलत नाही. इमेनमध्ये कप्पे वाढून संगणक धापा टाकू लागला, की त्याची दिरंगाई रेडिओच्या नावावर जमा होते. म्हणून जाळं मंदावलेलं दिसलं की आधी प्रोसेसरवरचा भार बघावा, रेडिओची चौकशी नंतर.