भाडेवाढीची चिठ्ठी आली तर...

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांना बांधणे जमले नाही, त्यांनी ते भाड्याने घेऊन पाहावे! महिना उजाडतो आणि घरमालकाची चिठ्ठी येते, 'पुढच्या महिन्यापासून भाडे दुप्पट.' मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, देऊन टाका, उगाच वैर नको. दुसरा म्हणतो, आता एक पैसाही देऊ नका, बघू काय करतात ते. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सल्ले चुकीचे आणि दुसरा तर घातकच.

या तंट्याची मुळे जुनी आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याशी बांधून टाकले. महागाई वाढत गेली, भाडे मात्र जागेवरच राहिले. हे आता न्याय्य राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये स्पष्ट बजावले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

वाढ किती?

या कायद्याने घरमालकाला भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क दिला. महिना ५०० रुपये भाडे असेल, तर ही वाढ २० रुपयांची. पालिकेचे कर वाढले किंवा इमारतीची मोठी दुरुस्ती केली, तर त्यापोटी ठरावीक प्रमाणात वेगळी वाढ मागता येते. त्यापलीकडची मागणी बेकायदा. वीस रुपयांत आज नळ दुरुस्त करणारा दारातही उभा राहत नाही, ही घरमालकाची तक्रार खोटी नव्हे. पण तिचा उपाय चिठ्ठी लिहून भाडे दुप्पट करणे हा नव्हे. आकड्याविषयी वाद असेल, तर प्रमाण भाडे ठरवून देण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो; मुंबईत हे काम लघुवाद न्यायालय पाहते.

भाडे थांबवू नका

भाडेकरूला संरक्षण आहे ते एका अटीवर. त्याने प्रमाण भाडे आणि कायदेशीर वाढ दिली पाहिजे किंवा देण्याची तयारी ठेवली पाहिजे. रागाच्या भरात भाडे थांबवणारा आपल्याच हाताने हे कवच उतरवून ठेवतो. मालक पैसे घेत नसेल, तर पूर्वी लोक मनिऑर्डर करीत आणि परत आलेली पावती जपून ठेवीत. आज बँकेमार्फत रक्कम पाठवावी, सोबत पत्र लिहावे आणि दोन्हींची नोंद ठेवावी.

थकबाकीसाठी दावा लावण्याआधी मालकाला ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेली रक्कम १५ टक्के व्याजासह न्यायालयात भरून जागा वाचवता येते. मात्र दाव्याचा खर्च द्यावा लागतो आणि पुढचे भाडेही नियमित भरावे लागते. भाड्याची पावती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने हैराण व्हावे म्हणून पाणी किंवा वीज तोडणे हा गुन्हा आहे.

अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्यांना हे कवच नाही. मुदत असेपर्यंत करारात लिहिलेलाच आकडा चालतो, मध्येच वाढ मागता येत नाही. पण मुदत संपली की ४ टक्क्यांची मर्यादा सांगता येत नाही आणि जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून वाढीची बोलणी मुदत संपण्याआधीच दोन-तीन महिने सुरू करावीत. करार अकरा महिन्यांचा असला, तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते.

तेव्हा चिठ्ठी आली की आधी कपाटातला कागद काढून पाहावा. आपण भाडेकरू की लायसन्सदार, शेवटची पावती कितीची आणि कधीची, हे ठरल्यावर लेखी उत्तर द्यावे आणि कायद्याने होते तेवढे भाडे वेळेवर पाठवावे.