मोबाईल किंचाळतो तेव्हा...

२० जुलै २०२३ आठवतो का? सकाळी महाराष्ट्रात कितीतरी जणांचे मोबाईल अचानक जोरात वाजले, थरथरले आणि स्क्रीनवर मोठ्ठी चौकट आली. कुणाला वाटलं फोन हॅक झाला, कुणाला वाटलं व्हायरस घुसला. ही दूरसंचार विभागाची चाचणी आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण वाचतो कोण!

या तंत्राचं नाव 'सेल ब्रॉडकास्ट'. आपल्याकडची यंत्रणा सी-डॉट या सरकारी संस्थेने बनवली. कल्पना मात्र जुनीच आहे. बाबांच्या काळातल्या नोकियावर 'सेल इन्फो' चालू केलं की स्क्रीनवर त्या भागाचं नाव यायचं ना, ते याच वाटेने.

एसएमएस म्हणजे पोस्टमन. त्याला पत्ता, म्हणजे तुमचा नंबर लागतो. एकेकाला गाठत जावं लागतं आणि गर्दी झाली की तो अडकतो. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे गावातली दवंडी. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टप्प्यातले चालू असलेले फोन ऐकतात. आपल्या हिंगणीचंच उदाहरण घ्या. समजा बोर धरणातून पाणी सोडायचं आहे. मग फक्त या भागातल्या टॉवरवरून इशारा देता येतो. आपला रूममेट त्या दिवशी नागपूरला गेला असेल तर त्याचा फोन गप्प राहील, पण बोर अभयारण्यात वाघ बघायला आलेल्या केरळच्या पाहुण्याचा वाजेल. नंबर कुणाचा, नाव काय, याच्याशी टॉवरला काही देणंघेणं नाही.

खरी गंमत इथेच आहे. दवंडीवाल्याला तुमचं नाव माहीत नसतं आणि तुमचं उत्तर त्याला ऐकूही येत नाही. सगळा एकतर्फी मामला! याउलट भामट्याचं पोट तुमच्या उत्तरावर चालतं. तुम्ही फोन केला पाहिजे, ओटीपी सांगितला पाहिजे, नाहीतर त्याने पाठवलेली एपीके फाईल उघडली पाहिजे. २०२२ मध्ये महावितरणच्या नावाने मेसेज फिरत होते, 'आज रात्री वीज कापणार, या नंबरवर संपर्क करा'. मग आले 'ट्राय'वाले: तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल, नऊ दाबा. ट्राय कुणाचाही नंबर बंद करत नाही, हे ट्रायनेच जाहीर केलं आहे. उद्या कुणी 'सरकारी अलर्टचं नवीन ॲप' व्हॉट्सॲपवर पाठवलं, तर एवढंच आठवा की दवंडी ऐकायला ॲप लागत नाही. ती सोय फोनमध्ये आधीपासून आहे.

आता तुम्ही म्हणाल, पावसाचे, विजेचे इशारे एसएमएसनेही येतात, त्यांचं काय? येतात. २०२५ पासून सरकारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावापुढे इंग्रजी 'जी' अक्षर असतं. साध्या दहा आकडी नंबरवरून सरकार इशारा देत नाही. पण 'जी' दिसला म्हणून डोळे मिटू नका. लंडनमध्ये गाडीत नकली टॉवर ठेवून बनावट एसएमएस पाठवत फिरणारे पकडले गेले आहेत. म्हणून मेसेज वाचा, पण त्यातल्या लिंकला हात लावू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात पळतात.

कधी खरी यंत्रणाही चुकते. १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवर 'क्षेपणास्त्र येतंय' असा अलर्ट गेला आणि तो चुकीचा होता, हे फोनवर कळायला ३८ मिनिटं लागली! तरीही मला जास्त भीती उलटी वाटते. इतक्या खोट्या मेसेजनंतर खरा इशारा आला, तर आपण तोही 'फेक है यार' म्हणून पुसून टाकू. आमच्या विंगमध्ये काही महाभागांनी झोपमोड नको म्हणून अलर्ट बंदच करून ठेवलेत. पावसाळ्यात विदर्भात शेतावर वीज पडून माणसं जातात, हे आपल्याला पेपरात वाचायची गरज नाही.

ॲन्ड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग 'सेफ्टी अँड इमर्जन्सी', आणि त्यात 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स'. कंपनीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे होते. आयफोनमध्ये 'नोटिफिकेशन्स'च्या अगदी तळाशी. स्वतःचा झाला की मेसच्या काकूंचा आणि वॉचमन काकांचा फोनही बघून द्या. रात्री गेटवर तेच जागे असतात.