बिल्ल्याची उलट बाजू

सैनिकाच्या अंगावर जे शिवलेले असते ते सरकारी हुकमानेच शिवलेले असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचीही होती. पण व्हिएतनामच्या युद्धात उडालेल्या अमेरिकन वैमानिकांचे कपडे पाहिले म्हणजे ती टिकत नाही. पथकाचे बोधचिन्ह वरच्या कचेरीने मंजूर केलेले असे. त्याच्या शेजारी मात्र कोणाचीही मंजुरी नसलेले, पदरच्या पैशाने करवून घेतलेले कापडी बिल्ले असत.

थायलंडातील ताखली आणि कोराट या तळांवरून एफ-१०५ विमाने उत्तर व्हिएतनामवर बॉम्ब टाकावयास जात. उत्तरेवर १०० फेऱ्या झाल्या की वैमानिक घरी जाण्यास मोकळा. लाओसवरच्या फेऱ्या पुढे या हिशेबातून वगळल्या. आमच्या भाषेत सांगायचे तर हजेरी कापली! या जातीची एकंदर ८३३ विमाने बांधली गेली आणि त्यांतली ३०० हून अधिक या युद्धात गेली. तेव्हा ‘१०० फेऱ्या’ असे लिहिलेला बिल्ला म्हणजे निव्वळ हौस नव्हे. जिवंत राहिल्याची ती पावती होती.

काही बिल्ले थट्टेचे. १९६५ मध्ये क्षेपणास्त्रांच्या रडारला मुद्दाम आपल्यावर रोखावयास लावून मग त्याचाच नाश करणारी ‘वाइल्ड वीझल’ पथके निघाली. त्यांच्या बिल्ल्यावर ‘वाय जी बी एस एम’ ही अक्षरे येत. त्यांचा पूर्ण पाठ या सभेत म्हणण्याजोगा नाही. सभ्य मराठीत, ‘थट्टा करता की काय राव?’ कामाचे स्वरूप ऐकल्यावर एका अधिकाऱ्याच्या तोंडून निघालेले ते उद्गार, असे सांगतात. साहेबाला तोंडावर न बोलता येणारी गोष्ट माणूस अशी छातीवर शिवतो.

हनोईने या वैमानिकांना ‘यांकी हवाई चाचे’ म्हटले, तर त्यांनी त्या शिवीचाच बिल्ला केला. शिवी मिरवण्याची ही खोड आम्हा चळवळ्यांना नवी नाही. परंतु खाली ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडत होते त्यांना चाचा हा शब्द विनोदी नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

हे बिल्ले शिवले कोणी? तळाबाहेरच्या पेठांतील शिंप्यांनी. थायलंडातील शिंपीकामात भारतीय वंशाचे दुकानदार पुष्कळ, आणि या पेठांतही ते होते. मेजवानीत घालावयाचे रंगीत ‘पार्टी सूट’ तेच शिवून देत व त्यांवर हे बिल्ले दाटीने लावीत. वैमानिक कागदावर चित्र काढून देई. कारागीर शिलाई यंत्राखाली कापड हाताने फिरवीत ते भरी.

शिवणकामगारांत संघटना बांधताना ओळख झालेल्या एका बाईंना आम्ही असा एक बिल्ला दाखविला. त्यांनी तो प्रथम उलटा केला. मागचे धागे, अस्तराची जाळी, दोरा तोडला ती जागा पाहिली आणि विचारले, “नगाला काय दर होता?” मग अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या, “याला वाचता येत नव्हतं. हा अक्षरं नक्षीसारखी काढतोय.” खरेच आहे. अशा बिल्ल्यांवर इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे पुष्कळदा चुकलेली आढळतात.

आज त्या चुकांनाच भाव आहे. संग्राहक उलट बाजू बघूनच किंमत ठरवितात, म्हणून नकला करणारेही चुका जाणूनबुजून भरतात. थायलंड-व्हिएतनामात प्रवाशांसाठी नवे बिल्ले होत असतात. त्यांतले काही पुढे चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात टाकून जुने केले जातात.