मायच्या पाटीचे पैसे

गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो आणि गावानं सत्कार ठेवला. साकोली तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, शाल-श्रीफळ, तालुक्याहून आलेले पाहुणे. जो उठला त्यानं हेच सांगितलं, की धान रोवणाऱ्या बाईचं पोर केवळ स्वतःच्या हिमतीवर एवढं मोठं झालं. ज्या शाळेच्या व्हरांड्यात हे चाललं होतं तिचा पट आता विसाच्या आत आहे. ती कधी बंद होईल याचा नेम नाही, पण त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. ते कौतुक मला लागलं. अजून लागून आहे.

बँकेतल्या वर्षांविषयी सांगण्यासारखं थोडकंच आहे. बदल्या, बढत्या, कर्जाच्या फायली, वसुलीच्या बैठका. कुणाही अधिकाऱ्याच्या असतात तशा. खरा माणूस घडला तो १९७५ ते ८५ या दहा वर्षांत.

भंडारा म्हणजे तलावांचा आणि धानाचा जिल्हा. माय मृगात परे टाकायची आणि पुढे महिना-दीड महिना दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला जायची. दिवसभर चिखलात वाकून तिच्या पायाला चिखल्या व्हायच्या. रात्री चुलीपाशी बसून ती बोटांच्या बेचक्यांत हळद-तेल भरायची आणि पहाटे पुन्हा त्याच चिखलात उतरायची. दिवाळीनंतर कापणी, चुरणी. धान घरात आलं की देणेकरी दारात. मग संक्रांतीपासून पावसाळ्यापर्यंत हाताला काम नाही.

त्या रिकाम्या महिन्यांत आम्हाला जगवलं रोजगार हमीनं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आमच्याकडे मालगुजारी तलावाच्या पाळीवर माती टाकण्याचं काम निघालं. तलावाच्या पोटात चौकोनी खड्डे खणायचे, मोजमापासाठी मधोमध मातीचा खांब तसाच सोडायचा, आणि पाटी डोक्यावर घेऊन पाळ चढायची. उन्हाळी सुटीत मी मायच्या पाटीला हात लावायला जात असे. रोवणीत बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी, इथे मात्र मापाला दर एकच होता. मायला त्याचा फार अभिमान होता. मस्टरवर अंगठा उमटवून पैसे हातात पडले की आधी माझ्या वह्या, मग मीठ-मिरची.

गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं तेव्हा माझ्या बाला सुनावलं होतं, ‘पोराले बांधीत उतरव, मास्तर का पोट भरते?’ त्याचं नाव मी लिहीत नाही. पण ते वाक्य मी विसरलो नाही आणि माफही केलेलं नाही. त्याची स्वतःची मुलं त्या वेळी नागपूरला शिकत होती.

आमचे गुरुजी गावातच राहत. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून होतं. पहिली एबीसीडी मी दहाव्या वर्षी गिरवली. पुढे इंग्रजीनं रडवू नये म्हणून गुरुजी आम्हा चार-पाच जणांना रात्री कंदिलाशी बसवून घेत. पैसे नाहीत, पावती नाही. दहावीनंतर भंडाऱ्याला सरकारी वसतिगृह मिळालं, एसटीचा सवलतीचा पास मिळाला, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या ईबीसी सवलतीमुळे फी माफ झाली. वाचनालयात वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळे. बँक भरतीच्या मंडळाची जाहिरात मी तिथेच पाहिली आणि एका कागदावर उतरवून घेतली. परीक्षा नागपूरला झाली. शिकवणी कुठली? अंकगणिताचं एक जुनं पुस्तक आणि गुरुजींनी पक्कं करून घेतलेलं व्याकरण, एवढ्यावर निभावलं.

बँकेत लागलो आणि मुंबईत पहिला पगार हाती आला तेव्हा कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ असं लिहिलेलं होतं. शेजारच्या टेबलावरचे वडीलधारे सहकारी म्हणाले, ‘अहो, हा रोजगार हमीसाठी जातो.’ मी सुन्न झालो. महाराष्ट्रानं १९७५ साली हा कर बसवला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच. म्हणजे दादरच्या, ठाण्याच्या कुणा कारकुनाच्या पगारातून महिन्याला कापलेले रुपये आमच्या तलावाच्या पाळीवर पोचले, मायच्या हाती पडले आणि माझ्या वह्या झाले. त्या माणसांनी आमचं गाव कधी ऐकलंही नसेल. पुढे नोकरीत राहिलो तोवर ती कपात मी आनंदानं सोसली.

म्हणून ‘स्वतःच्या हिमतीवर’ हे शब्द मला सहन होत नाहीत. मेहनत मी केली, ती नाकारत नाही. पण माझ्याइतकीच मेहनत करणारी पोरं माझ्या आधीच्या पिढीतही होती. त्यांच्या वाट्याला ना वसतिगृह आलं, ना ईबीसी. त्यांचं आयुष्य बांधीतच गेलं.

आणि आता हे सगळं एकेक करून काढून घेतलं जातंय. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. मोठी इमारत, सगळ्या विषयांना शिक्षक, मुलांसाठी गाडी, असं सांगितलं गेलं. ज्यांनी पावसाळ्यातला आमच्याकडचा नाला पाहिलाय त्यांनी ती गाडी आठवडाभर तरी चालवून दाखवावी. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हवी असं शिक्षण हक्काचा नियम सांगतो. पहिलीतलं पोर नाल्यापलीकडे जाणार नाही. पोरगी तर नाहीच, ती धाकट्या भावाला सांभाळत घरी बसेल. पट कमी का झाला, शिक्षकाची जागा किती महिने रिकामी होती, हे आधी विचारायला हवं.

सत्कारात मला पाच मिनिटं मिळाली. मी रोजगार हमीवर बोलायला लागलो तर पाहुण्यांना पुढे जायचं होतं. येत्या ग्रामसभेत आमच्या शाळेचा विषय मी लेखी अर्जानं मांडणार आहे, शिक्षकाची रिकामी जागा भरण्याच्या मागणीसह. गावातून शिकून बाहेर गेलेल्या प्रत्येकाला मी फोन करतो आहे. त्यांच्या सह्या त्या अर्जावर हव्यात.